गाडीला माझाच हात लागतो

डहाणूहून परत आल्यापासून शाळेतले सहकारी विचारताहेत: समुद्र कसा होता, चिकू आणले का, आणि वहिनी कुठे आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देतो. तिसऱ्याचं उत्तर द्यायचं तर सगळा प्रवासच सांगावा लागेल, आणि मी बोलण्यात कच्चा माणूस. म्हणून लिहितोय.

निघण्याआधीची एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या जुन्या गाडीत एक चोरस्विच होता. स्टिअरिंगच्या खाली, बॉनेट उघडायच्या खटक्यामागे, बोटाच्या पेराएवढं बटन. ते बंद केलं की पेट्रोलच्या पंपाकडे जाणारा करंट तुटतो. सेल्फ फिरतो, इंजिन एकदा खोकतं आणि बसतं. बघणाऱ्याला वाटतं, गाडीच बिघडली. नाशिकच्या ज्या दुकानात मी तो बसवून घेतला, तिथल्या माणसाने विचारलं, "चोरीची भीती वाटते का सर?" मी हो म्हणालो. चोर कोण, हे त्याने विचारलं नाही. चोर म्हणजे माझी बायको.

वैजयंती पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकली आणि पहिल्याच परीक्षेत पास झाली. मी माझ्या वेळी दुसऱ्या खेपेला पास झालो होतो, ही माहिती घरात कोणाला नव्हती. लायसन घरी आलं त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "चला, आता चिखल्याला माहेरी जायला तुमची सुट्टी बघायला नको." साधं वाक्य. त्यात माझ्याविरुद्ध काहीच नव्हतं. मी मात्र ताटातलं वांगं बाजूला सारलं. पुढच्या आठवड्यात बटन बसलं.

मग ती चावी घेऊन खाली गेली की गाडी खोकून बसायची. मी जाऊन बसलो, वाकून सीट सारखी केल्यासारखं केलं, की चालू. सोसायटीत बोलबाला झाला. "सरांचा हात ओळखते गाडी." मी लाजल्यासारखं हसायचो. वैजू आधी चिडली, मग शिकवणाऱ्या मास्तरांना फोन करून क्लचबद्दल विचारत राहिली, आणि शेवटी तिने चावी खिळ्याला लावून टाकली. मी नववीच्या पोरांना विद्युतधारा शिकवतो. परिपथ कुठे तोडला की दिवा लागत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

चिखले

वैजूची भाची केतकी तलासरीकडे चिकूच्या कलमांची रोपवाटिका काढणार होती. तिच्या मुहूर्ताला आम्ही निघालो. नाशिक ते डहाणू या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की जव्हारच्या पुढे एका खड्ड्यात आदळून गाडी आपणहून बंद पडली. मी बटनाला हात लावला नव्हता. घाबरून डॅशबोर्डवर दोन थापा मारल्या, तर चालू. वैजू म्हणाली, "बघा, थोपटलं की ऐकते तुमचं." तिच्या आवाजात कौतुक होतं. बसवलेल्या बटनाची वायरच आता सैल झाली होती, हे उघड होतं. उघड म्हणजे, फक्त मला.

चिखल्याला माझे मेहुणे, म्हणजे केतकीचे वडील मनोहरराव, यांची वाडी आहे. सुरूच्या झाडांतून वारा आला की ओटीवर वाळूची पातळ साय धरते. सकाळी झाडली तरी दुपारी पुन्हा तयार. अंगणात चिकूंचा ढीग होता आणि बायका लहान-मोठे वेगळे करत बसल्या होत्या. जेवायला बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आमच्या नाशिककडे पंगतीत माणसं द्राक्षांच्या औषधांवर बोलतात; कुठली फवारणी, कितव्या दिवशी. इथे बोलणं हातगुणावर. लोणच्यात मीठ कोणी घातलं, बोअरची जागा कोणी दाखवली, पहिला चिकू कोणी उतरवला. कुंदावहिनी, म्हणजे मनोहररावांच्या सौभाग्यवती, या विषयातल्या अधिकारी व्यक्ती. त्यांच्या मते वाडीतलं एक झाड वठलं, कारण त्याला पहिलं पाणी एका विम्याच्या एजंटाने घातलं होतं.

जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "वैजू, लायसन आणलंस ना? चल, घोलवडपर्यंत फिरव आम्हाला. नणंद गाडी चालवतेय आणि मी बाजूला बसलेय, बघू देत लोकांना."

"नको गं वहिनी. माझ्या हाताला ती चालू होत नाही."

"माहेरच्या हवेत होईल."

वैजूने माझ्याकडे पाहिलं. मी ताटलीतली बडीशेप निवडत होतो. उतरताना सवयीने माझं बोट खटक्यामागे जाऊन आलं होतं, देवळाबाहेर चपला निघतात तसं. मी उठून, काहीतरी विसरल्याचं सोंग करून गाडीपर्यंत गेलो असतो तर जमलं असतं. नाही गेलो.

ती बसली. सीट पुढे घेतली, आरसा सारखा केला, न्यूट्रल तपासला. मी तपासत नाही. सेल्फ मारला. गाडी खोकली आणि बसली. पुन्हा मारला. कुंपणापाशी शेजारचा दिनू टेम्पोवाला उभा होता, तो म्हणाला, "ताई, जरा एक्सलेटर दाब ना." दाबला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. चिकू निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. कुंदावहिनी बाजूच्या सीटवर नवी साडी सावरून बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "राहू दे गं. भावोजींना बोलाव."

मी गेलो, वाकलो, सीट मागे घेतली, आणि गाडी चालू झाली. अंगणात टाळ्या पडल्या. वैजू बाजूला उभी राहून ओढणीला हात पुसत होती. हात ओले नव्हते.

"भावोजी, हातगुण आहे हो तुमचा," कुंदावहिनी म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून माझी सुटका उरली नाही. संध्याकाळी वाडीतल्या पाण्याच्या मोटरीला हात लावायला नेलं. मी लावला. काही झालं नाही. सगळे श्रद्धेने उभे राहिले. थोड्या वेळाने गावात लाईट आली आणि मोटर सुरू झाली. आदल्या दिवसापासून व्होल्टेज नव्हतं, एवढंच. मनोहरराव म्हणाले, "मान गये." मग मिक्सर. मग दिनूच्या टेम्पोचा हॉर्न, जो डावीकडे वळताना आपोआप वाजायचा. मी स्टिअरिंगवर तळवा ठेवून डोळे मिटले. डोळे का मिटले, मलाही सांगता येणार नाही. माणूस एकदा या धंद्यात पडला की थोडा अभिनय आपसूक येतो.

रात्री वैजू म्हणाली, "तुमचं काहीतरी आहे खरं. मी उगाच चिडायची."

मी कूस बदलली.

कोसबाड

दुसऱ्या दिवशी केतकीला आणि कुंदावहिनींना घेऊन कोसबाडला गेलो. टेकडी लहान, पण वर गेलं की एका बाजूला वाड्यांचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे समुद्राची रेघ दिसते. दुसऱ्या बाजूला कापलेल्या भाताची पिवळी शेतं रानशेतच्या दिशेने उतरत गेलेली. केतकी इथेच कलमं बांधायला शिकली. तिच्या बोलण्यात शिकल्याचा आनंद होता, मिरवण नव्हतं.

"चिकूचं कलम चिकूवर नाही बांधत, आतोबा. खिरणीचं रोप घ्यायचं. त्याची कुंडी चिकूच्या झाडापाशी न्यायची. दोघांची थोडी साल काढायची आणि जखमेला जखम लावून बांधायचं. चिकू आईपासून तोडायचा नाही लगेच. लागलं की मग."

"आणि नाही लागलं तर?" वैजूने विचारलं.

"तर आपलं बांधणं चुकलं. झाडाला बोल लावायचा नाही."

पहिलं कलम आत्या बांधणार, हे घरात केव्हाच ठरलं होतं. केतकीचं नावही आत्यानेच ठेवलं होतं. वैजूने त्यासाठी नाशिकहून नवा चाकू आणला होता, पर्समध्ये रुमालात गुंडाळून. परतताना गाडीत कुंदावहिनींनी विषय काढला. त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी तो फार मायेने काढला, म्हणून जास्त लागला.

"वैजू, राग नको मानू हं. उद्या पहिलं कलम भावोजींच्या हातून बांधून घेऊ या का? पोरीचा पहिलाच धंदा आहे. तुझा हात वाईट असं नाही कोणी म्हणत. पण काल तू बघितलंस ना."

केतकी मागून म्हणाली, "आई, काहीतरीच काय."

"तू गप. मी विचारतेय फक्त."

वैजू खिडकीबाहेर बघत होती. "बरोबर आहे तुझं वहिनी," ती म्हणाली. "माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही राहिला."

तेव्हाच मी गाडी कडेला घेऊन बोलायला हवं होतं. मी मनात वाक्यसुद्धा जुळवलं: वैजू, ते बटन मी बसवलंय. पण मागच्या सीटवर कुंदावहिनी, भाची. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर म्हटलं, नाशिकला गेल्यावर. मी घाबरट आहे असं नाही. मला योग्य वेळ लागते, आणि ती नेहमी पुढच्या गावात असते.

तलासरी

मुहूर्ताच्या सकाळी तलासरीजवळ हायवेला लागलो. तिथे रस्त्याकडेला मडक्यांतून उंबाडियु विकतात: कंद, रताळी, पापडीच्या शेंगा पाल्यात दडपून, मडकं उलटं करून आगीत भाजलेल्या, सोबत हिरवी चटणी आणि ताक. माणसं अर्धं मराठी आणि अर्धं गुजराती बोलत खात होती, आणि दोन्ही अर्धी एकमेकांना पुरी पडत होती. आम्ही खाल्लं, हात धुतले, गाडीत बसलो. बटन चालू केलं. सेल्फ फिरला. गाडी खोकून बसली. बटन पुन्हा खालीवर केलं. डॅशबोर्ड थोपटला. गुद्दा मारला. आता ती माझ्याही हाताला येईना.

"असं कसं," वैजू म्हणाली. तिला खरंच काळजी वाटत होती.

समोरच मनसुखभाईंचं दुकान होतं. ऑटो इलेक्ट्रिकचं काम, बॅटरी चार्जिंग, आणि ट्रकांना लावायचे तऱ्हेतऱ्हेचे हॉर्न. मनसुखभाईंनी गाडीकडे एक नजर टाकून निदान केलं. "शेठ, बॅटरी." टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली. गाडी खोकली. "अर्थिंगचा लोचा छे." अर्थिंगची वायर खरवडून पुन्हा बसवली. खोकली. "फ्यूज." बदलला. "रिले." बदलला. दर वेळी ते तितक्याच खात्रीने बोलत, आणि आधीचं निदान आपण कधी केलंच नव्हतं अशा चेहऱ्याने पुढच्याकडे वळत. भोवती माणसं जमली. एका ट्रक ड्रायव्हरने गाडी थोडी हलवून बघायला सांगितलं. दुसऱ्याने पेट्रोल आहे का असं विचारलं, आणि आहे म्हटल्यावर तो निराश झाला.

शेवटी त्यांनी मागची सीट उचलून पंपाच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प लागेना. मनसुखभाई कंबर धरून माझ्यापाशी आले. "शेठ, पंपापर्यंत करंटच नाय येत. मध्ये कोणी चोरस्विच बसवलाय काय? जुन्या गाडीत असतो."

वैजू माझ्याशेजारी उभी होती.

"नाही," मी म्हणालो.

"पक्का?"

"गाडी पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. मला माहीत नसतं का?"

"मग आख्खी वायरिंग खोलायला लागणार," मनसुखभाई म्हणाले आणि सीटा बाहेर काढायला लागले. मी बघत राहिलो. सीट, गालिचा, त्याखाली मागच्या उन्हाळ्यातली शेंगांची टरफलं. माझ्या एका शब्दासाठी तो माणूस गाडीची आतडी हायवेवर मांडत होता. मुहूर्त टळायला आला. बाकीच्यांना घेऊन पुढे गेलेल्या मनोहररावांनी दिनूचा टेम्पो पाठवला आणि आम्ही गाडी तशीच टाकून वाडीवर गेलो.

वाडी लखमाभाऊंची. त्यांची चिकूची जुनी झाडं केतकीने कसायला घेतली होती. एका झाडापाशी बांबूची मांडणी करून त्यावर खिरणीच्या कुंड्या फांदीच्या उंचीला आणल्या होत्या. नारळ फुटला. कुंदावहिनींनी वैजूला म्हटलं, "तो चाकू दे गं." वैजूने पर्समधून रुमाल काढला, सोडला, आणि चाकू माझ्यापुढे धरला. मूठ माझ्याकडे, पातं स्वतःकडे. देताना ती मला म्हणाली, "नीट बांधा हं. पोरीचं काम आहे."

तो चाकू मला घेता आला नाही.

"माझ्या हाताला गुण वगैरे काही नाही," मी म्हणालो. "गाडीत बटन आहे. स्टिअरिंगखाली. ते मी बंद करून ठेवतो, म्हणून हिच्या हाताला गाडी लागत नाही. मी बसवून घेतलंय. हिने चालवू नये म्हणून. परवा अंगणातही मीच बंद केलं होतं. मनसुखभाईंना मी खोटं सांगितलं."

मग कुंदावहिनी म्हणाल्या, "पण आमची मोटर?"

"लाईट आली होती वहिनी."

दिनूने विचारलं, "आणि माझा हॉर्न? तो तर खरंच थांबला."

"त्याचं मला माहीत नाही."

"मग थोडा असंल," दिनू म्हणाला.

लखमाभाऊ आतापर्यंत झाडाला टेकून उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "गाडी कोणाची हाय?"

"हिच्या नावावर आहे," मी म्हणालो. वाहनयोग तिच्या पत्रिकेत होता, माझ्या नव्हता. म्हणून तिच्या नावावर घेतलेली. हे मात्र मी सांगितलं नाही. लखमाभाऊंनी मान हलवली.

वैजू रडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने चाकू पुन्हा रुमालात गुंडाळला. "केतू, कलम थांबव थोडं," ती म्हणाली. "दिनू, टेम्पो काढ. आणि तुम्ही चला. ते कुठे आहे ते दाखवायला."

टेम्पोत ती मध्ये बसली, मी कडेला. हायवे लागल्यावर म्हणाली, "मी त्या मास्तरांना फोन करकरून विचारायची, माझं काय चुकतंय. तुम्ही शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असायचात."

"हो."

"मी हातावरून तांदूळसुद्धा ओवाळून टाकले होते. हसाल म्हणून सांगितलं नाही."

मी हसलो नाही.

मनसुखभाईंना बटन दाखवलं, तेव्हा त्यांनी ते बघितलं, मग बाहेर मांडलेल्या सीटा बघितल्या, मग मला. "शेठ, मी विचारला होता ना?" एवढंच. बटनाच्या मागची एक वायर गंजून निघाली होती. त्यांनी बटन कापून काढलं, तुटलेली टोकं एकमेकांना जोडून कथलाचा डाग दिला, टेप गुंडाळली. बटन तळहातावर घेऊन म्हणाले, "हा कोणाला देऊ?"

"यांना द्या," वैजू म्हणाली.

सीटा बसवल्यावर ती आत बसली. आरसा, न्यूट्रल, सेल्फ. गाडी लागली. ती तशीच बसून राहिली, हात स्टिअरिंगवर, इंजिन चालू. मनसुखभाईंनी "जवा दो, बेन" म्हणेपर्यंत तिने पहिला गिअर टाकला नाही. वाडीपर्यंत ती बैलगाडीच्या वेगाने गेली. मी मागे बसलो होतो, कारण पुढे बसा असं कोणी म्हणालं नव्हतं.

पहिलं कलम तिने बांधलं. साल जास्त निघत होती. केतकी म्हणाली, "आत्या, हलक्या हाताने. एवढीच." तिने दुसरी फांदी घेतली, नीट बांधली, पट्टीला गाठ मारली. कुंदावहिनी डोळे पुसत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, ताकाचं पातेलं तेवढं धुऊन आणा." मी आणलं. सगळ्या पाहुण्यांत एवढं नेमकं काम मलाच मिळालं.

दुसऱ्या दिवशी वैजू म्हणाली, "मी राहते थोडे दिवस. केतूला मदत होईल. गाडी ठेवून घेते."

"परत येताना घाट आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. त्याच रस्त्याने आले मी."

डहाणूच्या एसटी स्टँडवर तिनेच सोडलं. या वेळी मी पुढे बसलो. चिखल्यापासून समोरून एक रिक्षा आली, एक गाय आली, एक पोरगं सायकल घेऊन आडवं आलं. ती सगळ्यांना वाट देत गेली. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "पाय मागे घ्या." मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय, नसलेला ब्रेक दाबून बसला होता. मी पाय मागे घेतला.

"कधी येशील?"

"येईन तेव्हा येईन," ती म्हणाली. पिशवी माझ्या हातात दिली. पिशवीत चिकू होते, वर पोळीभाजीचा डबा होता. डबा कोणी भरला हे मी विचारलं नाही.

नाशिकची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. स्टँडबाहेरच्या वळणावर वैजूची गाडी दिसत होती. वळताना क्लच लवकर सुटला आणि ती धक्का खाऊन बंद पडली. मागे टेम्पो, त्यामागे चिकूच्या पाट्यांनी भरलेली रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. मी सीटवरून उठलो, पिशवी हातात. ती घाईत नव्हती. न्यूट्रल केला असावा. सेल्फचा आवाज इथपर्यंत आला. मग उजवा इंडिकेटर लागला आणि ती वळून गेली.

"काका, बसा ना," कंडक्टर म्हणाला. "कुठलं देऊ?"

"नाशिक," मी म्हणालो. "एकच."